हात धुऊन पुस्तकामागे

सकाळी ९.००
बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखली तालुक्यातलं घाटावरचं एखादं गाव, तारीख १५ ऑक्टोबर. शाळा साडेदहाची, पण सर आधीच वस्तीत फिरतायत. सोयाबीनची सोंगणी ऐन भरात आहे. मजूर मिळत नाही, मग पोरगं विळा घेऊन वावरात जातं आणि पोरगी धाकट्याला सांभाळायला घरी राहते. वाचन प्रेरणा दिन नेमका याच दिवसांत येतो. माजी राष्ट्रपती अब्दुल कलामांची जयंतीच ती, पुढेमागे कशी करणार?
"आजचा दिस जाऊ द्या मास्तर," ओट्यावरची आजी म्हणते.
"दुपारून न्या आजी, पण आता धाडा."
सौदा जमतो.

१०.३०
परिपाठ, प्रतिज्ञा, फोटोला हार. कलाम २०१५ च्या जुलैत गेले आणि त्याच वर्षापासून राज्यानं त्यांचा जन्मदिवस वाचनाला दिला. रामेश्वरमच्या पेपर वाटणाऱ्या पोराची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. तरी चौथीतला एक जण विचारतो, "त्याले पैसे किती भेटत होते?" भाषणापेक्षा हा प्रश्न बरा.

११.००
कपाट उघडतं. पुस्तक फाटलं तर भरून कोण देणार, या धास्तीनं कितीतरी शाळांची कपाटं वर्षभर कुलपात असतात. माझ्या मते फाटलेलं पुस्तक हीच शाळेची खरी शोभा. आज व्हरांड्यात सुतळी बांधून त्यावर पुस्तकं टांगलीत. 'किशोर'चे जुने अंक आधी पळवले जातात. बालभारतीचं हे मासिक १९७१ पासूनचं, काही पोरांच्या बापांनीही वाचलेलं. सातवीला सर सांगतात, की 'बारोमास' लिहिणारे सदानंद देशमुख आपल्याच तालुक्यातल्या अमडापूरचे, आणि त्या कादंबरीला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. "अमडापूरचे?" मागून आवाज येतो. लेखक एवढ्या जवळ राहू शकतो, हे पोरांना पटत नाही.
एक पोरगा कोपऱ्यातच बसलाय. गोष्टीचं पुस्तक म्हटलं की त्याला घाम फुटतो. सर त्याच्यापुढे बियाण्याची रिकामी पिशवी टाकतात. तो बोट ठेवून वाचतो: वाण, वजन, उगवणशक्ती ७० टक्के. "म्हंजे शंभरातले तीस उगवतच नाहीत का?" आता दोघं-तिघं त्याच्याभोवती जमतात.

दुपारी १.३०
आजच जागतिक हात धुवा दिनही असतो, २००८ पासून. दोन्ही दिवस एकाच तारखेला आलेत ते शाळेच्या सोयीचंच झालं. सकाळी वावरात जाऊन आलेल्यांच्या बोटांवर शेंगांची टोकं टोचल्याच्या खुणा आहेत. साबण लागताच चुरचुरतं. मग खिचडी, पुन्हा हात, मगच पुस्तक.

३.००
ठरल्याप्रमाणे एक बाप पोराला न्यायला येतो. पोरगं 'किशोर' सोडत नाही. सर रजिस्टरात नाव टाकतात आणि अंक देऊन टाकतात.

५.००
फोटो गटावर गेले. अहवालाच्या रकान्यात विचारलंय: एकूण वाचलेली पुस्तकं किती? सर आकडा भरतात, बियाण्याची पिशवी धरून.