स्वस्त घराचा हिशेब : बडोद्याच्या मकरपुऱ्यातून

पणजी, पर्वरी वा मडगाव परिसरात नवी सदनिका घेणे पगारदार कुटुंबाला अवघड झाले आहे. नोकरीनिमित्त परराज्यात स्थिरावलेल्यांनाही हाच प्रश्न भेडसावतो. गायकवाडी काळापासून मराठी माणसाने आपले मानलेल्या बडोद्यातील मकरपुरा या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. खंडेराव गायकवाडांनी १८७० मध्ये येथे राजवाडा बांधला. पुढे औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि कारखान्यांतील नोकरदार हाच येथील घरांचा स्वाभाविक ग्राहक ठरला. मकरपुरा, माणेजा, तरसाली या दक्षिण भागात फिरताना जाहिरातीतील दरापलीकडचा हिशेब मांडणे आवश्यक असते.

पहिला मुद्दा क्षेत्रफळाचा. रेरा कायद्यानुसार विक्री चटई क्षेत्रावर व्हावी लागते. त्यात घरातील भिंती धरल्या जातात; बाहेरच्या भिंती व बाल्कनी धरल्या जात नाहीत. 'सुपर बिल्टअप' दर कमी दिसला, तरी किंमत भागिले चटई क्षेत्र हाच खरा दर होय.

दुसरा मुद्दा वस्तू व सेवा कराचा. बांधकाम सुरू असलेल्या घरावर सर्वसाधारणपणे ५ टक्के, तर परवडणाऱ्या घरावर १ टक्का कर आहे. त्यासाठी किंमत ४५ लाखांपर्यंत हवी. चटई क्षेत्राची मर्यादा मुंबईसारख्या महानगरांत ६० चौरस मीटर, तर बडोद्यात आणि गोव्यातही ९० चौरस मीटर आहे. ४५ लाखांच्या घरावर कर ४५ हजार रुपये. ४६ लाखांच्या घरावर मात्र २ लाख ३० हजार! पार्किंग, विकास शुल्क यांसारख्या रकमाही या मर्यादेत मोजल्या जातात. त्या स्वतंत्र दाखवल्या असल्यास बेरीज आधी करावी. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर विकल्या जाणाऱ्या घरावर हा कर नाही.

तिसरा मुद्दा नोंदणीचा. गुजरातेत मुद्रांक शुल्क ४.९ टक्के व नोंदणी शुल्क १ टक्का आहे. घर केवळ महिलेच्या नावे घेतल्यास नोंदणी शुल्क माफ होते. ४० लाखांच्या व्यवहारात हे ४० हजार रुपये वाचतात.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात ९ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या पात्र कुटुंबाला ३५ लाखांपर्यंतच्या घरासाठी व्याज अनुदान आहे. कर्ज २५ लाखांपर्यंत असावे. अनुदानाची कमाल रक्कम १ लाख ८० हजार असून ती पाच वार्षिक हप्त्यांत मिळते. मात्र देशात कोठेही कुटुंबाचे पक्के घर असता कामा नये. गावचे वडिलोपार्जित घर कोणाच्या नावे आहे, हे म्हणूनच आधी तपासावे.

शेवटी सुरक्षिततेविषयी. गुजरात रेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंदणी व ताबा देण्याची मुदत पाहता येते. नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम विकासकाला घेता येत नाही. ताबा रखडल्यास व्याजासह परतावा मागण्याचा हक्क आहे. ताबा घेताना इमारत वापराची परवानगी, म्हणजेच तेथील 'बीयू', अवश्य पाहावी. गोव्यातील भोगवटा दाखल्याचेच ते रूप आहे.

थोडक्यात, घर स्वस्त की महाग हे फलकावरील आकडा सांगत नाही. कर, शुल्क, अनुदान आणि कागदपत्रे एकत्र मांडल्यावरच ते कळते. मकरपुऱ्यात असो वा म्हापशात, हा हिशेब बयाणा देण्यापूर्वीच करावा.