रस्तारुंदीकरण व वाहतूक सुरक्षितता

अस्तित्वात असलेल्या रस्त्याची रुंदी किंवा त्यावरील मार्गिकांची संख्या वाढविणे, यास रस्तारुंदीकरण म्हणतात. वाहतुकीची कोंडी कमी करणे हा त्याचा मुख्य हेतू होय. त्यायोगे अपघातही घटतील, असे बहुधा गृहीत धरले जाते. ते सर्वत्र खरे ठरत नाही.

दुपदरी रस्त्यावर मंद वाहनास मागे टाकण्यासाठी चालकाला समोरून येणाऱ्या वाहनांच्या मार्गिकेत शिरावे लागते. समोरासमोरच्या पुष्कळशा टकरी यातून उद्‌भवतात. दोन्ही दिशांची वाहतूक दुभाजकाने अलग केल्यास हा धोका बराच कमी होतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग (सहापदरी, लांबी सु. ९५ किमी.; २००२ मध्ये पूर्णपणे खुला) हा रुंदीकरण नसून नवाच मार्ग असला, तरी त्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. तेथे दिशा अलग आहेत आणि पादचारी व दुचाकी वाहने यांना मज्जाव आहे. तथापि अतिवेग, बेशिस्तपणे मार्गिका बदलणे आणि थांबलेल्या मालमोटारीवर मागून आदळणे यांमुळे गंभीर अपघात होत राहिले.

याचे कारण असे, की रुंद व सरळ रस्ता वेगास उत्तेजन देतो. वेगमर्यादेच्या फलकापेक्षा रस्त्याच्या रूपाचाच प्रभाव चालकावर अधिक पडतो. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. स्वीडिश संशोधक गोरान निल्सन यांच्या सूत्रानुसार सरासरी वेग ५ टक्क्यांनी वाढल्यास अपघाती मृत्यू सु. २० टक्क्यांनी वाढतात.

स्वीडनमध्येच १९९८ पासून एक बोधप्रद प्रयोग झाला. तेथील १३ मी. रुंदीच्या, ऐसपैस बाजूपट्ट्या असलेल्या दुपदरी रस्त्यांवर प्राणघातक अपघात फार होत. ते बहुतांशी आहे त्याच रुंदीत तीनपदरी आखण्यात आले. मधली मार्गिका आळीपाळीने एकेका दिशेस देऊन दोहोंमध्ये पोलादी तारदोरांचा कठडा घालण्यात आला. अशा रस्त्यांवरील मृत्यू सु. तीन चतुर्थांशांनी घटले.

गावातून जाणाऱ्या रस्त्याची गोष्ट वेगळी आहे. सेकंदाला १.२ मी. चालणाऱ्या माणसास ७ मी. रुंदीचा रस्ता ओलांडण्यास सु. ६ सेकंद, तर १४ मी. रुंदीचा ओलांडण्यास सु. १२ सेकंद लागतात. ताशी ६० किमी. वेगाचे वाहन तेवढ्या अवधीत अनुक्रमे १०० व २०० मी. अंतर कापते. म्हाताऱ्या माणसांना व डोक्यावर ओझे असलेल्यांना याहूनही अधिक वेळ लागतो. मध्यभागी थांबण्याजोगा रुंद दुभाजक असल्यास रस्ता दोन टप्प्यांत ओलांडता येतो. परंतु शाळा एका बाजूस, वस्ती दुसऱ्या बाजूस आणि ओलांडण्याची सोय मात्र दूरवर, अशी रचना झाली, की लोक दुभाजक फोडून वाट काढतात. त्या फटीपाशी इशाऱ्याचा फलक नसतो आणि रात्री दिवाही नसतो.