ऑनलाईन प्रश्नमंजुषा : माल, माप आणि मोबदला

संध्याकाळी गिऱ्हाईक कमी झाले की मोडनिंबच्या आमच्या कापड दुकानात ओळखीची मुले येऊन बसतात. त्यांतील दोघे संगणक शिकलेले आहेत. अनेकांना एकाच वेळी मोबाईलवर खेळता येईल अशी मराठी प्रश्नमंजुषा काढण्याचा त्यांचा बेत आहे. प्रत्येकाकडून १० रुपये घ्यावेत आणि जमलेली रक्कम जिंकणाऱ्यांत वाटावी, असा हिशेब त्यांनी आमच्यापुढे मांडला. खेळाला आमची हरकत नाही; या हिशेबाला आहे.

हा धंदा नवा नाही. अमेरिकेत २०१७ साली ‘एचक्यू ट्रिव्हिया’ निघाला. १२ प्रश्न, प्रत्येकाला १० सेकंद, आणि शेवटपर्यंत टिकणाऱ्यांत बक्षिसाची वाटणी. खेळायला फी नव्हती. त्याच धर्तीवर २०१८ साली मुंबईच्या ‘पॉकेट एसेस’ कंपनीने ‘लोको’ काढला.

अशा खेळात पहिली गोष्ट माप. प्रश्न सर्व्हरवरून सुटतो. पण पुण्यातल्या फोनवर तो लगेच पोहोचतो आणि आमच्याकडे रेंज गेली की दोन-तीन सेकंद अडकतो. म्हणून प्रश्न फोनवर दिसल्यापासून वेळ मोजावी व सर्व्हरने ती पडताळावी. चित्रफितीऐवजी साधा मजकूर पाठवावा. बरोबर उत्तर मात्र आधी फोनवर पाठवू नये, नाहीतर हुशार मुले ते शोधून काढतात. गज खोटा असेल तर गिऱ्हाईक पुन्हा दुकान चढत नाही.

दुसरी गोष्ट माल, म्हणजे प्रश्न. प्रश्नही कापडासारखे जुने होतात. महाराष्ट्रात जिल्हे किती, याचे उत्तर पूर्वी ३५ होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला आणि ते ३६ झाले. म्हणून प्रत्येक प्रश्नापुढे तपासल्याची तारीख लिहावी. खेळाडूला हरकत नोंदवण्याची सोय द्यावी. सगळ्यांनाच येणारा किंवा कोणालाच न येणारा प्रश्न बाजूला काढावा. खेळ सुधारतो तो अशा रोजच्या मोजदादीने.

आता मोबदला. सर्वांनी पैसे घालायचे आणि थोड्यांनी ते उचलायचे, हा किमार झाला. कुरआनमध्ये सूरह माइदाच्या ९० व्या आयतीत जुगार दारूच्या जोडीने निषिद्ध ठरवला आहे. आमचे ज्ञान पणाला लागते, नशीब नव्हे, असे मुले म्हणतात. पण २०२५ च्या ऑनलाईन गेमिंग कायद्यानेही ही पळवाट ठेवलेली नाही. पैसे जिंकण्याच्या आशेने फी भरून खेळायचा ऑनलाईन खेळ कौशल्याचा असला तरी तो बंद. चालवणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कैद व १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

मग कमाई कशाची? दुकानदारांच्या जाहिराती घ्याव्यात. शाळा व क्लासेसना सरावासाठी वर्गणीवर खेळ द्यावा. त्या वर्गणीचा बक्षिसाशी संबंध नसावा. बक्षीस ठेवायचेच तर ते खेळाडूंच्या पैशातून नको, तिऱ्हाइताने आपल्या खिशातून द्यावे. तरीही आधी आलिम व वकील दोघांना विचारावे. नुसत्या बक्षिसावर गर्दी जमते, धंदा उभा राहत नाही. लाखोंची गर्दी पाहिलेल्या ‘एचक्यू’ला पैशाअभावी फेब्रुवारी २०२० मध्ये गाशा गुंडाळत असल्याचे जाहीर करावे लागले.

आम्ही मुलांना सांगितले : फीचा रकाना खोडा, पहिली जाहिरात आमच्या दुकानाची घ्या. नफा थोडा होईल, पण हलाल होईल, आणि बरकत त्यातच आहे.