पिस्तुलाच्या घराचा रंग

1950च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकी लष्कराने आपल्या चामड्याचा रंग बदलला. तोवर बूट, पट्टे, पिस्तुलाची होल्स्टर सगळे तांबूस तपकिरी असे. नव्या हिरव्या गणवेशाबरोबर ते काळे करायचे ठरले. दुसऱ्या महायुद्धात बनलेली होल्स्टर तेव्हा गोदामांत ढिगांनी पडून होती. .45च्या कोल्ट पिस्तुलासाठी 1916 साली मुक्रर झालेला हा नमुना. वर मोठे झाकण आणि झाकणावर ‘यू. एस.’ अशी दाबून उठवलेली अक्षरे. इतका माल फेकून देणे परवडणारे नव्हते, म्हणून त्यांतल्या कित्येकांवर काळा रंग चढवला गेला. शिपायांनी आपापले तपकिरी बूटही बराकीत बसून काळे केले. त्याआधी भरती झालेले पुढे स्वतःला मोठ्या तोऱ्यात ‘तपकिरी बुटांचे लष्कर’ म्हणवून घेत.

ती काळी केलेली होल्स्टर आज संग्राहकांच्या हाती येतात तेव्हा झाकणाच्या घडीवर आणि कडांवर काळेपणा घासून गेलेला असतो नि खालचा तपकिरी रंग वर आलेला असतो. जपानमध्ये तर हल्ली असे चामडे मुद्दाम तयार होते. वरचा पातळ थर काळा, गाभा चहाच्या रंगाचा. वापरता वापरता गाभा उघडा पडावा, एवढ्यासाठी गिऱ्हाईक जादा पैसे मोजते. लष्कराने नाइलाजाने केलेल्या कामाची ही हौशी आवृत्ती पाहून हसू येते खरे, पण तिच्यात रंगकामाचे एक मर्म आहे. रंग चामड्यात किती खोल गेला, कुठे अडला, कुठे जास्त प्यायला गेला हे रंगाऱ्याच्या हाती थोडेच असते. ते आधीच ठरलेले असते, कातडे कमावणाऱ्याच्या कुंडात आणि शिवणाऱ्याच्या पाटावर. होल्स्टर रंगवणे ही शेवटची सजावट आहे असे लांबून वाटते. खरे तर आधीच्या प्रत्येक पायरीचा हिशेब तिथे द्यावा लागतो.

आजच्या जगातले बहुतेक चामडे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले असते. 1884मध्ये ऑगस्टस शुल्ट्झ या न्यूयॉर्कच्या रसायनतज्ज्ञाने या पद्धतीचे पेटंट घेतले आणि महिनोन्‌महिन्यांचे काम एकदोन दिवसांवर आले. हे चामडे मऊ, पाण्याला दाद न देणारे, सोफ्याला नि जॅकेटला उत्तम. होल्स्टरला मात्र ते चालत नाही, कारण ओले करून दाबले तरी ते आकार धरत नाही. शिवाय त्यातले उरलेसुरले क्षार पोलादाला गंज चढवतात, अशी कारागिरांची जुनी तक्रार आहे. त्यामुळे हा धंदा अजून झाडांच्या साली आणि फळांवर उभा आहे. अमेरिकेत सेंट लुईसची हर्मन ओक ही 1881पासूनची टॅनरी होल्स्टरवाल्यांची लाडकी. ओक, चेस्टनट, वॅटल, दक्षिण अमेरिकेतला केब्राचो यांचा अर्क म्हणजे टॅनिन. ते कातड्याच्या तंतूंना घट्ट बांधते आणि कातडे कुजायचे थांबते.

या यादीत आपला हिरडाही आहे, आणि नुसता नावापुरता नाही. इंग्रज अमदानीत सह्याद्रीतला नि मध्य भारतातला हिरडा जहाजे भरभरून युरोपच्या टॅनऱ्यांकडे जाई. व्यापारी त्याची प्रतवारी मूळ ठिकाणावरून करत. भीमुनिपट्टणमचा माल ‘बिम्लीज’, जबलपूरचा ‘जबलपोर’ आणि आपल्या वेंगुर्ल्याहून चढणारा ‘व्हिंगोर्ला’. चामड्याच्या रसायनावरच्या जुन्या इंग्रजी ग्रंथांत ही नावे सापडतात. एखाद्या इंग्रज सरदाराच्या खोगिराला वेंगुर्ल्याचा वास येत असेल, ही कल्पना मला फार आवडते. हिरड्याने कमावलेले चामडे फिकट, पिवळसर निघते आणि रंग चांगला घेते. बाभळीच्या सालीचे तांबूस निघते आणि उन्हात आणखी गडद होते. कोल्हापुरी चपलेच्या चामड्यासाठी हे दोन्ही लागतात. जुन्या रीतीत कातड्याची पिशवी शिवून, तिच्यात बाभूळ-हिरड्याचे पाणी भरून ती टांगून ठेवतात, म्हणजे अर्क झिरपत झिरपत आरपार जातो. आपल्याकडे ढोर समाजाने हे काम पिढ्यान्‌पिढ्या केले. त्यातल्या ज्ञानाची नोंद कमी झाली, वासाची मात्र सगळ्यांनी घेतली.

असे कमावलेले, सुमारे तीन मिलिमीटर जाडीचे चामडे होल्स्टरसाठी कापतात, दोन बाजू चिकटवून मेणाच्या दोऱ्याने शिवतात आणि मग पाण्यात बुडवून बाहेर काढतात. ओल्या चामड्यात पिस्तुलाचा प्लास्टिकचा हुबेहूब नमुना घालून बोटांनी आणि हाडाच्या गुळगुळीत पट्टीने दाबत बसायचे. ट्रिगरभोवतीची कमान, नळीची कड, एकेक खाच उठून आली पाहिजे. कारण पिस्तूल आत धरून ठेवायचे ते या घट्टपणाने. 1920च्या दशकात टेक्ससमधल्या एल पासो इथे टॉम थ्रीपर्सन्स या पोलिस अधिकाऱ्याने एस. डी. मायर्स या खोगीरवाल्याकडून एक होल्स्टर बनवून घेतले. झाकण नाही, फालतू चामडे नाही, ट्रिगर नि घोडा दोन्ही उघडे. पुढच्या कित्येक होल्स्टरांचा हा पूर्वज. झाकण गेल्यावर सगळी भिस्त आली चामड्याच्या ताठपणावर, आणि तिथूनच रंगाऱ्याची अडचण सुरू होते.

रंग चढवायला बहुधा स्पिरिटमध्ये विरघळवलेले रंग वापरतात. मिलवॉकीची फीबिंग कंपनी 1895पासून या धंद्यात आहे, आणि तिच्या बाटल्या जवळजवळ प्रत्येक होल्स्टरवाल्याच्या फळीवर दिसतात. स्पिरिट चामड्यात झटकन शिरते, रंग आत सोडते आणि उडून जाते. जाताना चामड्यातले तेलही काही प्रमाणात घेऊन जाते. चामडे मग कोरडे, खरखरीत होते. लोकरीचा गोळा लावलेल्या काडीने रंग फासला तर जिथे जनावराच्या पोटाकडचे सैल कातडे आहे तिथे तो जास्त पितो आणि डाग पडतात. चिकटवताना गोंदाचा एक थेंब बाहेर सांडला असेल तर तिथे रंग शिरतच नाही. शिवणीजवळ फिकट ठिपका उभा राहतो आणि तो कशानेही झाकला जात नाही. म्हणून बरेच जण रंग पातळ करून अख्खे होल्स्टर त्यात बुडवतात. रंग सारखा येतो, पण चामडे तहानलेले राहते.

तेल हे याचे सरळ उत्तर. गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेले नीट्सफूट तेल थंडीतही गोठत नाही, म्हणून खोगीरवाल्यांचा त्याच्यावर फार जीव. काही जण साधे ऑलिव्ह तेल वापरतात. खोगिराला ते पोटभर पाजले तरी चालते, कारण खोगीर मऊच हवे. होल्स्टरला दोन हात जास्त फिरले की घडवलेला आकार ढिला पडतो आणि पिस्तूल आत खडखडू लागते. कमी पडले तर पट्ट्याच्या चिरेपाशी भेगा. नेमके किती, याचे माप बाटलीवर छापता येत नाही, कारण प्रत्येक कातड्याची तहान वेगळी. वाईट होल्स्टर बहुतेक वेळा तेलानेच बिघडलेली असतात, असे माझे मत झाले आहे. न रंगवलेल्या चामड्याला हलके तेल लावून काही दिवस उन्हात ठेवले तर ते आपोआप मधासारखे तपकिरी होते. या कामाला वेळ लागतो, पण माझ्या मते त्याच्यासारखा दुसरा रंग नाही.

काळ्याची गोष्ट वेगळी. बाटलीतला काळा रंग बहुधा निग्रोसीनच्या कुळातला, ॲनिलिनपासून बनवलेला; बुटाच्या पॉलिशमध्येही तोच असतो. त्याचे कण वरच साचले तर पुढे कपड्यांना लागतात. पांढऱ्या सदऱ्याच्या कमरेवर काळा पट्टा उमटला की गिऱ्हाईक होल्स्टर परत आणते. म्हणून काळे होल्स्टर फडक्याने पुन्हा पुन्हा घासतात, फडके स्वच्छ निघेपर्यंत.

दुसरा मार्ग जुना आहे, आणि अमेरिकन कारागीर त्याला ‘व्हिनेगरून’ म्हणतात. लोखंडाचा बारीक कीस व्हिनेगरमध्ये टाकायचा, झाकण सैल ठेवायचे, कारण आतून हायड्रोजन निघतो, आणि लोखंड विरघळेपर्यंत वाट पाहायची. हे फिकट, तांबूस पाणी चामड्यावर ओतले की ते पाहता पाहता काळे पडते. इथे रंग असा काही लावलेलाच नसतो. लोखंड आणि चामड्यातले टॅनिन एकत्र येऊन काळे संयुग तयार होते, आणि ते तंतूंच्या आत बसलेले असल्याने कपड्याला लागत नाही. युरोपातली जुनी शाई याच संयोगाची. आपल्याकडच्या कलमकारीवाल्यांनी कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवून, गूळ नि गंजके लोखंड आंबवलेल्या पाण्याने त्यावर काळ्या रेषा काढल्या, त्याही याच रसायनाच्या. गंमत अशी की हा काळा चामडे कुठल्या झाडाने कमावले त्यावर ठरतो. हिरडा, ओक गाठी यांच्या टॅनिनने निळसर काळा येतो, वॅटल-केब्राचोच्या जातीच्या टॅनिनने हिरवट काळा. चामड्यात टॅनिन कमी वाटले तर कडक चहाचा हात फिरवतात. शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने उरलेले आम्ल मारायचे. हे टाळले तर आम्ल आणि लोखंड मिळून काही वर्षांत चामड्याचे तंतू खातात. युरोपातल्या त्या जुन्या शाईने लिहिलेले कागद अक्षरांच्या जागी फाटतात ते याच कारणाने.

रंगानंतर कडा. रंधून, घासून, कतीऱ्याच्या जातीच्या डिंकाने ओलावून लाकडाच्या दांड्याने इतके रगडायचे की चामड्याचे दोन थर एकजीव दिसावेत. वर मधमाशीचे मेण. होल्स्टर विकत घेणाऱ्याने आधी कडा पाहाव्यात. घाईने केलेले काम तिथे लपत नाही. बाकी अंगावर पाणी मिसळून पातळ केलेल्या ॲक्रिलिकचे दोन हात, किंवा मेण. जाड थर दिला की घडीवर तो तडकतो.

आपल्याकडे हे सगळे ज्ञान एकत्र आले ते कानपुरात. 1857नंतर लष्कराला खोगिरे, पट्टे, होल्स्टर लागणार म्हणून तिथे सरकारी हार्नेस आणि सॅडलरी कारखाना निघाला, आणि दोआबातल्या बाभळीच्या सालीवर तो चालला. होल्स्टर ज्याला लटकते त्या पट्ट्याचीही एक गोष्ट आपल्याकडचीच. 1858मध्ये लढाईत डावा हात गमावलेल्या सॅम ब्राऊन या अधिकाऱ्याचा जन्म बराकपूरचा. तलवारीचे म्यान सावरायला दुसरा हात उरला नाही, म्हणून खांद्यावरून तिरपा येणारा पट्टा त्याने बनवून घेतला. उजव्या कमरेला त्याच्याच जोडीला झाकणाचे होल्स्टर असे. तो पट्टा आजही आपल्या पोलिस अधिकाऱ्यांच्या छातीवर दिसतो. कानपूरचे खोगीरकाम आता भौगोलिक मानांकन मिळवून युरोपला जाते, पण हाताने घडवलेल्या होल्स्टरांना इथे गिऱ्हाईक फारसे नाही.

अमेरिकेतले बरेच कारागीर होल्स्टरचा आतला भाग कोराच ठेवतात, म्हणजे रंगाचा अंश पिस्तुलाला लागू नये. आणि मालाबरोबर एक सूचना न चुकता देतात: पिस्तूल होल्स्टरमध्ये घालून कपाटात ठेवू नका. चामडे हवेतली ओल धरते, पोलादाला गंज येतो; चामड्याच्या पट्ट्यात अडकवून ठेवलेल्या पितळी काडतुसांवर तर काही महिन्यांत हिरवे बुरशीसारखे पूट चढते. ती चामड्यातल्या टॅनिनची आणि आम्लाची करणी.