बर्फावरच्या शर्यतीमागची शिस्त

आइस स्पीडवे म्हणजे गोठलेल्या लंबवर्तुळाकार मार्गावर, टोकदार खिळे बसवलेल्या चाकांच्या आणि ब्रेक नसलेल्या मोटारसायकलींवरून खेळली जाणारी शर्यत होय. एका शर्यतीत चार स्वार असतात, ते घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने चार फेऱ्या मारतात, आणि साधारण एका मिनिटाच्या आसपास सगळा निकाल लागतो. शर्यत एवढी आखूड आणि वेगवान असल्यामुळे प्रेक्षकांचे लक्ष स्वारांच्या धाडसावरच खिळून राहते, हे स्वाभाविक आहे. परंतु या खेळात चूक सावरायला जागाच फारशी नसल्याने स्वार मार्गावर येण्यापूर्वी झालेली तयारी आणि तो मार्गावर असताना पंचाने क्षणार्धात घेतलेले निर्णय यांना इतर अनेक खेळांपेक्षा अधिक वजन प्राप्त होते. आंतरराष्ट्रीय सांघिक स्पर्धेत तर हे वजन दुणावते, कारण तेथे एका स्वाराची चूक अथवा एका पंचाचा निर्णय संपूर्ण देशाच्या गुणसंख्येवर उमटतो.

संयोजनाचे स्वरूप समजण्यासाठी आधी यंत्राचे स्वरूप ध्यानात घ्यावे लागते. या मोटारसायकलीचे इंजिन ५०० घनसेंटीमीटर क्षमतेचे, एकाच सिलिंडरचे आणि फोर-स्ट्रोक पद्धतीचे असते, आणि ते पेट्रोलवर नव्हे तर मिथेनॉल या अल्कोहोलवर चालते. भारतीय रस्त्यांवर मैसूरच्या कारखान्यातून आलेल्या गाड्यांमुळे जावा हे नाव परिचित झाले, त्याच नावाच्या चेकोस्लोव्हाकियातील दिविशोव येथील कारखान्याने स्पीडवेची यंत्रे घडवली आणि बर्फावरील शर्यतींत ती दीर्घकाळ प्रमुख राहिली. चाकांवर बसवलेले खिळे सुमारे तीन सेंटीमीटर लांबीचे असतात. शर्यतीत वळण नेहमी डावीकडेच घ्यायचे असल्याने पुढच्या चाकावर ते डाव्या बाजूला बसवले जातात. मातीच्या मार्गावरील स्पीडवेत मागचे चाक घसरवत वळण घेतले जाते, तर येथे खिळे बर्फात घट्ट रुततात, त्यामुळे स्वार यंत्र इतके झुकवू शकतो की हँडलचे डावे टोक बर्फाला जवळजवळ टेकते आणि त्याचा डावा गुडघा मार्गाला घासत जातो. ही पकड जितकी वेगाला उपकारक, तितकीच अपघाताच्या क्षणी घातक ठरते, कारण पडलेल्या स्वाराच्या मागून येणारे चाक म्हणजे फिरते शस्त्रच असते. दोन्ही चाकांवर भक्कम संरक्षक आवरणे बसवण्याची सक्ती आणि स्वाराच्या मनगटाला बांधलेली दोरी सुटताच इंजिन बंद पाडणारी कळ, या दोन्ही तरतुदी याच जाणिवेतून आल्या आहेत.

या खेळाचे नियमन आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघ करतो. १९०४ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे मुख्यालय स्वित्झर्लंडमधील मी या गावी आहे, आणि आइस स्पीडवेची वैयक्तिक जागतिक स्पर्धा तिच्या छत्राखाली १९६६ पासून सुरू झाली. उफा शहराचा गब्द्राखमान कादिरोव हा तिचा पहिला विजेता होता आणि पुढे त्याने एकूण सहा वेळा हे पद मिळवले. निकोलाय क्रास्निकोव याने २००५ ते २०१२ अशी सलग आठ वर्षे ते राखले. सांघिक जागतिक स्पर्धा वैयक्तिक स्पर्धेनंतर, १९७९ मध्ये, आज त्व्येर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कालिनिन शहरात सुरू झाली, आणि तिच्यावर आधी सोव्हिएत संघाचे व पुढे रशियाचे जवळपास निर्विवाद वर्चस्व राहिले, ज्यात पश्चिम जर्मनी आणि स्वीडन यांनी अधूनमधूनच खंड पाडला. लांबलचक हिवाळा आणि पाणी ओतले की गोठणारी मैदाने हे या वर्चस्वाचे एक कारण असले, तरी खेळ केवळ थंड प्रदेशांपुरता उरला नाही, कारण जर्मनीतील इन्झेल व बर्लिन आणि नेदरलँड्समधील आसेन व हेरेनवेन येथील स्केटिंगच्या कृत्रिम बर्फाच्या मार्गांनी त्याला घर दिले.

सांघिक स्पर्धेची रचना गणिताच्या दृष्टीने देखणी आहे. परंपरागत पद्धतीत प्रत्येक देशाचा संघ तीन स्वारांचा असतो, एका शर्यतीत दोन देशांचे प्रत्येकी दोन स्वार समोरासमोर येतात, आणि पहिल्याला तीन, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक व शेवटच्याला शून्य असे गुण मिळतात. सात संघ असतील आणि प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचे असेल, तर एका दिवसात २१ शर्यती होतात. स्पर्धा शनिवार-रविवार अशी दोन दिवस चालल्यास त्यांची संख्या ४२ वर जाते. एका शर्यतीत एकूण सहा गुण वाटले जातात, म्हणजे पहिल्या दोन्ही जागा मिळवणारा संघ पाच विरुद्ध एक असा जिंकतो, पहिली आणि शेवटची जागा मिळवणारा संघ मात्र तीन-तीन अशी बरोबरीच पदरात पाडून घेतो. त्यामुळे एकट्या महान स्वाराच्या बळावर संघ जिंकू शकत नाही. आघाडीवरच्या स्वाराने कधी कधी आपला वेग आवरून मागच्या सहकाऱ्यासाठी प्रतिस्पर्ध्याची वाट अडवून धरणे अधिक लाभदायक ठरते. अशी अडवणूक डावपेच म्हणून कुठवर मान्य करायची आणि धोकादायक वर्तन म्हणून कोठे दंडनीय ठरवायची, ही सीमारेषा पंचालाच आखावी लागते.

संयोजकांची सर्वांत मोठी कसोटी मात्र बर्फच पाहतो. नैसर्गिक बर्फाच्या मार्गासाठी कडाक्याच्या थंडीत मैदानावर पाण्याचे पातळ थर एकामागून एक गोठवले जातात, कारण एकदम ओतलेले पाणी वरून गोठते पण आत पोकळ व ठिसूळ राहते, आणि असा बर्फ खिळ्यांखाली ढलप्यांनी उखडतो. कृत्रिम मार्गात जमिनीखालच्या शीतनलिका थंडी पुरवतात, पण तेथे वेगळी चिंता असते: स्केटिंगसाठी पुरेसा असलेला थर खिळ्यांसाठी अपुरा ठरतो, आणि खिळा नलिकेपर्यंत पोहोचल्यास मैदानाचेच कायमचे नुकसान होऊ शकते, म्हणून स्पर्धेपूर्वी थर मुद्दाम जाड केला जातो. शर्यतीनंतर तो पृष्ठभाग स्केटिंगला निरुपयोगी होत असल्याने अशा ठिकाणी ही स्पर्धा स्केटिंगचा हंगाम संपता संपता घेणे सोयीचे पडते. हेरेनवेनच्या थिआल्फ या बंदिस्त मैदानातील शर्यती म्हणूनच वसंताच्या तोंडावर होताना दिसतात.

स्पर्धा सुरू झाल्यावर बर्फ शर्यतीगणिक बदलत जातो. चार स्वारांच्या चार फेऱ्यांत शेकडो खिळे तोच पट्टा पुन्हा पुन्हा ओरबाडतात, वळणांवर नांगरलेल्या शेतासारखे चर पडतात आणि भुगा बाहेरच्या कडेला साचत जातो. म्हणून ठरावीक शर्यतींनंतर विराम घेऊन यंत्रांनी पृष्ठभाग खरवडणे, भुगा बाजूला करणे, चर बुजवणे आणि पाणी शिंपून ते गोठू देणे ही कामे करावी लागतात, आणि ती वेळेत करावी लागतात, कारण फार लांबलेला विराम इंजिनांना, स्वारांच्या एकाग्रतेला आणि प्रेक्षकांच्या धीरालाही महागात पडतो. यात न्यायाचाही प्रश्न गुंतलेला असतो. विरामानंतर पहिल्यांदा धावणाऱ्या संघाला गुळगुळीत मार्ग मिळतो, तर विरामापूर्वी शेवटी धावणाऱ्याला उखडलेला. म्हणूनच कोणता संघ कोणत्या शर्यतीत आणि सुरुवातीच्या कोणत्या जागेवरून धावणार याचे कोष्टक आधीच जाहीर झालेले असते आणि त्यात आतल्या व बाहेरच्या जागांची वाटणी समतोल राखली जाते. बर्फाची निगा राखणारा कर्मचारी अशा रीतीने, कदाचित त्याच्याही नकळत, स्पर्धेच्या निःपक्षपातीपणाचा एक राखणदार असतो.

मार्गाच्या बाहेरच्या कडेला पेंढ्याच्या गठ्ठ्यांची किंवा हिमाची जाड भिंत उभारलेली असते. खिळ्यांची यंत्रे कठीण फळ्यांवर आदळण्याऐवजी मऊ आडोशात रुतावीत, हा तिचा उद्देश. आणि प्रत्येक धडकेनंतर ती पुन्हा नीट रचल्याशिवाय पुढची शर्यत सुरू करता येत नाही. वैद्यकीय पथक आणि रुग्णवाहिका जागेवर नसतील तर सराव किंवा शर्यत होऊ शकत नाही, म्हणून जखमी स्वाराला घेऊन रुग्णवाहिका बाहेर गेल्यास दुसरी येईपर्यंत सर्वांना थांबावे लागते. मिथेनॉलची ज्योत लख्ख उजेडात डोळ्यांना जवळपास दिसतच नाही, त्यामुळे अग्निशमन करणाऱ्यांना धुराची वाट पाहण्याची सवय मोडून स्वाराच्या हालचालींवरून आग ओळखावी लागते. ज्या आवारात यंत्रे दुरुस्त केली जातात त्या पिटमध्ये प्रत्येक यंत्राखाली तेल व इंधन शोषणारी चटई अंथरणे बंधनकारक असते, जेणेकरून जमीन आणि वितळणारे पाणी दूषित होऊ नये.

अशा स्पर्धेचा कारभार अनेक अधिकाऱ्यांत विभागलेला असतो. महासंघ यजमान देशाच्या राष्ट्रीय संघटनेकडे स्पर्धा सोपवतो, ती संघटना स्थानिक क्लबच्या मदतीने आयोजन करते, आणि वेळापत्रक, मार्गाची लांबी, नोंदणी, विमा, बक्षिसे यांचा तपशील देणारी पुरवणी नियमावली आधी मंजूर करून घ्यावी लागते. मार्गाची पाहणी करून त्याला मान्यता दिली जाते. शर्यत-संचालक हा यजमानांच्या बाजूने मैदानावरील सर्व मनुष्यबळाचा प्रमुख असतो. तांत्रिक परीक्षक यंत्रे, हेल्मेटे, अंगरक्षक पोशाख आणि खिळे तपासतो. वेळमापक, निशाणवाले, प्रारंभ-अधिकारी आणि पिटचे व्यवस्थापक आपापली जागा सांभाळतात. या सर्वांवर देखरेख ठेवणारे पंचमंडळ वेगळे असते, आणि प्रत्यक्ष शर्यतीचा निकाल देणारा पंच महासंघाने नेमलेला असतो, यजमानांनी नव्हे. आयोजन करणारा आणि न्याय करणारा हे दोन वेगळे ठेवण्याची ही व्यवस्था आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या विश्वासार्हतेचा कणा आहे, कारण यजमान देशाचा संघ स्वतःच बहुधा मैदानात असतो.

पंचाचे काम सुरुवातीच्या रेषेसमोरच्या उंच कक्षातून चालते. शर्यतीची सूचना झाल्यापासून स्वारांना रेषेवर येण्यासाठी दोन मिनिटांची मुदत मिळते आणि ती चुकवणारा स्वार शर्यतीला मुकतो. चौघांच्या हेल्मेटांवर लाल, निळी, पांढरी आणि पिवळी अशी आवरणे असतात, ज्यामुळे उडणाऱ्या बर्फाच्या भुग्यातही त्यांना ओळखता येते. हिरवा दिवा लागतो, स्वार स्थिर होतात, आणि पंच कळ दाबून आडवी ताणलेली फीत वर सोडतो. हा क्षण त्याने दरवेळी किंचित बदलायचा असतो, कारण अंदाज बांधून उडी घेणाऱ्याला फायदा मिळू नये. फीत सुटण्याआधी तिला स्पर्श करणारा स्वार शिक्षेस पात्र ठरतो, तसेच दोन्ही चाके आतील सीमारेषेच्या आत नेऊन अंतर वाचवणाराही.

सर्वांत अवघड निर्णय पहिल्या वळणावर घ्यावा लागतो, जेथे चारही स्वार एकाच चिंचोळ्या पट्ट्यासाठी झुंजत असतात. तेथे कोणी पडल्यास पंचापुढे तीन प्रश्न एकदमच उभे राहतात: पडलेला स्वार मार्गातून बाजूला होऊ शकेल का, पडण्यास कोणी दुसरा जबाबदार आहे का, आणि गर्दीमुळे कोणालाच दोष देता येत नाही अशी ही स्थिती आहे का. मातीच्या मार्गावर पंच काही क्षण वाट पाहू शकतो. बर्फावर ती चैन नसते, कारण मागून येणाऱ्याकडे ब्रेक नाहीत आणि त्याच्या चाकांवर खिळे आहेत. म्हणून लाल दिवे आधी लावायचे आणि दोषाचा विचार मागाहून करायचा, हाच येथला शहाणपणाचा क्रम आहे. दोष ठरल्यास तो स्वार वगळून उरलेल्यांची शर्यत पुन्हा घेतली जाते, आणि न ठरल्यास चौघांनाही पुन्हा संधी मिळते. सांघिक सामन्यात वगळलेल्या स्वाराचा जोडीदार एकटा दोघांशी लढतो, म्हणजे त्याच्या संघाला त्या शर्यतीत तीनपेक्षा अधिक गुण मिळण्याची शक्यता तत्क्षणी संपते. एवढे परिणाम असलेला निर्णय मैदानावरील प्रत्यक्ष घटनेविषयीचा असेल, तर त्याविरुद्ध दाद मागता येत नाही. तक्रारींचा मार्ग यंत्राची वैधता, नियमांचा वापर किंवा गुणांची नोंद अशा बाबींसाठी ठरलेल्या मुदतीत आणि ठरलेले शुल्क भरून खुला राहतो.

या शिस्तीसमोर आज दोन मोठी आव्हाने आहेत. हिवाळे अनिश्चित झाल्याने नैसर्गिक बर्फावर विसंबणाऱ्या आयोजकांना तारखा ठरवणे कठीण जाते, तर कृत्रिम मैदाने महाग असून ती स्केटिंगशी वाटून घ्यावी लागतात. दुसरे आव्हान राजकीय आहे: युक्रेनवरील आक्रमणानंतर महासंघाने मार्च २०२२ मध्ये रशिया व बेलारूसच्या स्वारांना, संघांना आणि अधिकाऱ्यांना निलंबित केले, आणि त्याबरोबर सर्वाधिक अनुभवी स्वारांचा, पंचांचा व मैदानांचा मोठा साठा या खेळापासून दुरावला. आक्रमणाचा निषेध म्हणून तो निर्णय समर्थनीय असला, तरी उरलेल्या देशांवर नवे स्वार तयार करण्याइतकीच नवे पंच, तांत्रिक परीक्षक आणि बर्फ जाणणारे कर्मचारी तयार करण्याची जबाबदारी येऊन पडली आहे. कोणत्याही खेळाच्या वाढीचा विचार करताना खेळाडूंच्या प्रशिक्षणावर भर दिला जातो आणि अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण मागे पडते. आइस स्पीडवे ही उपेक्षा किती महागात पडू शकते हे इतर खेळांपेक्षा स्पष्टपणे दाखवतो. येथे स्वाराने ब्रेकशिवाय वळणात शिरायचे असते, आणि गरज पडताच शर्यत थांबवणारा माणूस जागा, सक्षम व निःपक्षपाती आहे हा भरवसा असल्यावरच त्याने तसे शिरावे अशी अपेक्षा करण्याचा अधिकार आयोजकांना मिळतो.