समजून घ्या : सरकारी कार्यालयात अर्ज रखडलाय? 'नकार' मिळण्याची वाट पाहू नका, विलंबाविरोधातही दाद मागता येते

जालना : भोकरदन तालुक्यातील केदारखेड्यासारख्या गावातून तहसील कार्यालयात जायचे म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि गाडीभाडे दोन्ही गेले. तिथे उत्तर काय, तर 'साहेब मीटिंगला आहेत, पुढच्या आठवड्यात या'. अर्ज नामंजूर होत नाही आणि मंजूरही होत नाही. तोवर पेरणी उरकते, पीककर्जाची वेळ टळते, मुलांच्या प्रवेशाची मुदत संपते. निर्णयच नाही, तर अपील कशाविरुद्ध करायचे, असा प्रश्न अनेकांना पडतो. प्रत्यक्षात महाराष्ट्रातील कायद्यांनी विनाकारण विलंबालाही दाद मागण्याचे कारण मानले आहे.

सर्वप्रथम काय करावे?

अर्ज तोंडी किंवा नुसता टेबलावर ठेवून देऊ नये. आवक विभागात देऊन तारीख व शिक्क्यासह पोच घ्यावी. ऑनलाइन अर्ज असेल तर अर्ज क्रमांक जपून ठेवावा. पुढची प्रत्येक मुदत याच तारखेपासून मोजली जाते. पोच नसेल तर विलंब सिद्ध करणे अवघड जाते.

सेवा अधिसूचित असेल तर

उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवास अशा सेवांना महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 लागू होतो. कोणती सेवा किती दिवसांत, कोणी द्यायची आणि अपील कोणाकडे करायचे, हे 'आपले सरकार' पोर्टलवर दिलेले असते.

मुदत संपली की अर्ज फेटाळला नसला तरी अपिलाचा हक्क मिळतो. पहिले अपील 30 दिवसांत करायचे. तिथे समाधान झाले नाही तर दुसरे अपील, तेही 30 दिवसांत. त्यानंतर 60 दिवसांत राज्य लोकसेवा हक्क आयोगाकडे तिसरे अपील करता येते. जालना जिल्हा छत्रपती संभाजीनगर विभागाच्या आयुक्तांकडे येतो. पुरेशा कारणाशिवाय सेवा दिली नाही, तर संबंधित अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो.

सेवा यादीत नसेल तर

येथे 'दफ्तर दिरंगाई' कायदा उपयोगी पडतो. बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध, असा विषय असलेला हा 2005 चा कायदा 1 जुलै 2006 पासून लागू आहे. त्यानुसार सर्वसाधारणपणे कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. दुसऱ्या विभागाकडे पाठवण्याची गरज नसेल तर 45 दिवसांत आणि पाठवावी लागत असेल तर तीन महिन्यांत निर्णय व्हायला हवा. हेतुपुरस्सर विलंब केल्यास शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. त्यासाठी कार्यालयप्रमुखाकडे किंवा वरिष्ठांकडे लेखी तक्रार करावी. न्यायप्रविष्ट प्रकरणांसारखे काही अपवाद मात्र आहेत.

फाइल नेमकी कुठे अडली हे कळत नसेल, तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. राज्यात असा अर्ज एकाच विषयावर आणि साधारण 150 शब्दांत असावा लागतो. 'माझ्या अर्जावर कोणत्या तारखेला, कोणी, काय कार्यवाही केली' एवढे विचारले तरी फाइलचा प्रवास कागदावर येतो.

लोकायुक्त काय करू शकतात?

नागरिकांच्या तक्रारींची स्वतंत्र चौकशी करणारा अधिकारी ही कल्पना स्वीडनने 1809 मध्ये अमलात आणली. महाराष्ट्राने 1971 मध्ये लोकायुक्त आणि उपलोकायुक्त कायदा केला. या कायद्यात 'गैरप्रशासन' या शब्दाच्या व्याख्येत निष्काळजीपणा आणि अवाजवी विलंब यांचाही समावेश आहे. म्हणजे लाच मागितल्याचा आरोप करण्याची गरज नाही, विलंबामुळे अन्याय किंवा त्रास झाला एवढे पुरेसे आहे.

तक्रार विहित नमुन्यात, शपथपत्रासह करायची असते. चौकशीत तथ्य आढळल्यास अन्याय कसा आणि किती मुदतीत दूर करावा, याची शिफारस केली जाते. ही शिफारस आहे, न्यायालयाचा हुकूम नव्हे. मात्र ती मुदत संपल्यावर महिनाभरात काय केले, हे सक्षम प्राधिकाऱ्याला कळवावे लागते. समाधान झाले नाही तर राज्यपालांना विशेष अहवाल देता येतो आणि तो विधिमंडळासमोर ठेवला जातो.

नवे लोकायुक्त विधेयक विधानसभेने डिसेंबर 2022 मध्ये आणि विधान परिषदेने डिसेंबर 2023 मध्ये मंजूर केले. त्यामुळे तक्रार करण्यापूर्वी लोकायुक्त कार्यालयाकडून चालू नमुना आणि नियम पाहून घ्यावेत.

ही मुदत चुकवू नका

1971 च्या कायद्यानुसार गाऱ्हाण्याची तक्रार, कृती माहीत झाल्यापासून 12 महिन्यांच्या आत करावी लागते. 'आज होईल, उद्या होईल' या आशेवर हेलपाटे मारणाऱ्याची हीच मुदत निघून जाते. न्यायालय किंवा न्यायाधिकरणात दाद मागण्याची सोय असेल, तर सहसा लोकायुक्त ते प्रकरण घेत नाहीत.

शेवटचा पर्याय

राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 नुसार उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात रिट याचिका करता येते. न्यायालय ठरावीक मुदतीत निर्णय घेण्याचा आदेश देऊ शकते. निर्णय अर्जदाराच्या बाजूनेच लागेल याची हमी त्यात नसते, पण निदान पुढची वाट मोकळी होते. वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि अल्प उत्पन्न गटातील व्यक्तींना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मदत मिळते.