चिठ्ठी बागेची, गाण्याची, सोबतीची

सोशल प्रिस्क्रायबिंग म्हणजे दवाखान्यात आलेल्या माणसाला वस्तीतल्या बागेशी, गाण्याच्या गटाशी किंवा सल्ला केंद्राशी जोडून देणे. औषधे बंद होत नाहीत. पण एकटेपणा, कर्ज किंवा ओल धरलेले घर यांनी आलेल्या दुखण्यावर नुसती गोळी पुरत नाही, हे त्यात गृहीत धरलेले असते.

या विचाराची मुळे जुनी आहेत. लंडनच्या पेकहॅम भागात 1935 मध्ये उभ्या राहिलेल्या पायोनियर हेल्थ सेंटरच्या मधोमध पोहण्याचा तलाव होता. आसपासची कुटुंबे आठवड्याची वर्गणी भरून तिथे पोहायला, खेळायला येत आणि तिथेच त्यांची नियमित तपासणी होई. 1950 मध्ये ते बंद पडले. पूर्व लंडनमधल्या ब्रॉम्ली-बाय-बो केंद्राची सुरुवात तर 1984 मध्ये ओस पडत चाललेल्या एका चर्चमधून झाली. अँड्र्यू मॉसन या पाद्रींनी ती जागा शेजारपाजाऱ्यांसाठी खुली केली. कलावर्ग, पाळणाघर, बाग असे एकेक जमत गेले आणि दवाखाना आला तो 1997 मध्ये. आधी माणसे आणि मग डॉक्टर, हा क्रम फार मोलाचा ठरला.

सगळी मदार असते ती ‘लिंक वर्कर’वर, म्हणजे रुग्णाला अशा गटाशी जोडून देणाऱ्या कार्यकर्त्यावर. जीपीला, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरला, एका रुग्णामागे जेमतेम दहा मिनिटे मिळतात. लिंक वर्कर तासभरही बसू शकतो. ‘काय होतंय?’ याऐवजी तो विचारतो, ‘तुम्हाला कशाची ओढ आहे?’ नवरा गेल्यापासून घराबाहेर न पडलेल्या बाईंच्या तोंडून मग कधीतरी निघते की पूर्वी त्या गुलाब लावत असत. बागेचा पत्ता हातात ठेवून भागत नाही. अनोळखी घोळक्यात पहिल्यांदा शिरणे हेच सर्वांत अवघड असते, म्हणून चांगला लिंक वर्कर पहिल्या दिवशी फाटकापर्यंत सोबत जातो.

2019 च्या दीर्घकालीन आराखड्यात इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेने 2020-21 अखेर एक हजारावर लिंक वर्कर नेमण्याचे आणि 2023-24 पर्यंत किमान नऊ लाख लोकांना या वाटेने पाठवण्याचे ठरवले. परिणामांचा पुरावा मात्र अजून विरळ आहे: अनेक पाहण्या लहान, थोड्या काळापुरत्या आणि तुलनेसाठी दुसरा गट न घेता झालेल्या आहेत. माणसाला बरे वाटले, हे त्यांत दिसते. ते नेमके कशाने, हे सांगणे कठीण जाते.

त्याहून मोठी अडचण पैशांची. लिंक वर्करच्या पगाराची तरतूद आरोग्यसेवेकडून होते; गाण्याच्या गटाला लागणाऱ्या हॉलचे भाडे मात्र बहुतेकदा त्या गटालाच वर्गणीतून किंवा देणग्यांतून उभे करावे लागते.